टॅबर परगण्याची परीक्षा

ग्रेडन फिस्क गोचिडीला घाबरत नाही हे कळलं, तेव्हाच विल्डाचा अर्धा बेत फसला.

सकाळपासून ती या माणसाला मुद्दाम ओढ्याकाठच्या कमरेएवढ्या गवतातून फिरवत होती. त्याच्या पोटरीवर मोजून सहा गोचिडी चढल्या. दुसरा कुणी शहरी माणूस एव्हाना पॅन्ट झटकत मोटारीत जाऊन बसला असता. याने खिशातून चिमटा काढला, सहाच्या सहा उपटल्या आणि पाटीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?" विल्डाने विचारलं.

"गोचिडी भरपूर. म्हणजे हौशेगवशे इकडे फिरकणार नाहीत. निर्जनता, नऊ गुण."

फिस्कचा धंदाच हा. आज ना उद्या वीज जाणार, बाजार बंद पडणार, शहरं पेटणार असं धरून चालणारे लोक असतात. डोंगरात जाऊन स्वतःचं पिकवून खावं आणि दाराशी बंदूक टेकवून बसावं, हा त्यांचा बेत. त्यांच्यासाठी फिस्क एकेका परगण्याची परीक्षा घ्यायचा. पाणी, माती, लाकूड, शिकार, रस्ते, कायदे अशी दहा कलमं, प्रत्येकाला दहा गुण. टॅबर परगण्यातली माणसं त्याच्या गिऱ्हाइकांना 'जगबुडे' म्हणत. अशा बावीस जगबुड्या कुटुंबांना विल्डाच्या घराण्याची, स्टॅन्सिलांची अख्खी टेकडी हवी होती. अट एकच: फिस्कने शंभरात सत्तर तरी द्यायला हवेत.

टेकडीत वाटे तीन. एक विल्डाचा, एक तिच्या धाकट्या भावाचा, डॉइलचा, आणि एक त्यांच्या एक्क्याण्णव वर्षांच्या हॉबर्टकाकाचा. आजोबांनी लिहून ठेवलेलं, तिघांतल्या दोघांनी सही केली की टेकडी विकायची मोकळीक. डॉइलची सही केव्हाच झाली होती. काका म्हणाला होता, "कबरींच्या रविवारी जेवण झाल्यावर बघू. उपाशीपोटी मी लग्नाच्या कागदावरसुद्धा सही केली नव्हती."

आज तो रविवार. काकाने सही केली की विल्डाचं घर, झरा, भेंडीचे वाफे, सगळं बावीस कुटुंबांचं. सत्तरी गाठलेल्या बाईने जायचं कुठे? "गावात एखादी खोली बघ की ताई," डॉइल म्हणाला होता. ते मार्चमध्ये. तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी फक्त गुरांविषयी बोलत होते.

म्हणून विल्डाने ठरवलेलं, या परीक्षकाला टेकडीचे एकूण एक दोष दाखवायचे. परगणा नापास करायचा.

"इथली जमीन चुनखडीची," ती म्हणाली. "खाली सगळी पोकळ. तुम्ही इथे काही पुरलंत तर चार मैलांवरच्या माणसाच्या झऱ्यातून निघेल. आमच्या बापाने एकदा मेलेलं डुक्कर खड्ड्यात टाकलं. आठवड्याने पाद्रीबुवा विचारत आले, पाण्याला वास कसला म्हणून."

"म्हणजे खाली गुहा आहेत?"

"आहेत ना. पडाल एखादवेळी."

"लपायला उत्तम. नऊ."

"पूर आला की पूल चार-चार दिवस पाण्याखाली जातो."

"बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही. दहा."

"दवाखाना सत्तर मैलांवर आहे!"

"साथ पसरते ती दवाखान्यातूनच, बाई. आठ."

"साप आहेत. तांबड्या डोक्याचे. पायरीखाली झोपतात."

"चवीला बरे लागतात," फिस्क म्हणाला आणि पान उलटलं.

विल्डा थकली नव्हती. पण तिची कानशिलं तापली होती. बुटांचा कारखाना बंद पडला ते साल सत्त्याऐंशी. एका शुक्रवारी चारशे माणसं डबे घेऊन कामाला गेली आणि डबे न उघडताच परत आली. टॅबर परगण्याचं जग त्या दिवशीच बुडालं, फक्त कुणी भोंगा वाजवला नाही. मग रेल्वे गेली. मग शाळा गेली. मग सोळा खाटांचा दवाखाना गेला, आणि त्याच्या पाटीवर पाकोळ्यांनी घरटी केली. तरणी पोरं शहरात गेली ती लग्नाच्या पत्रिकेपुरती परत येऊ लागली. आणि आता ज्यांनी हे सगळं उठवलं त्यांचेच भाऊबंद चिमटे घेऊन येतात, रिकाम्या रस्त्याकडे बघतात आणि म्हणतात, वा, काय सुंदर निर्जनता! मढ्याच्या घरी येऊन शांततेचं कौतुक करावं, तसं.

दुपारी कबरस्तानापाशी जेवणं मांडली. हे त्यांचं वर्षाचं काम: मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सगळ्या गोताने यायचं, कबरींवरचं गवत काढायचं, फुलं ठेवायची आणि तिथेच सीडरच्या झाडांखाली लांब टेबलांवर जेवायचं. त्या दिवशी जो येईल तो जेवूनच जातो, मग तो नातलग असो, वाटसरू असो नाहीतर दावेदार. विल्डाच्या लहानपणी दोनशे पानं उठायची. आज मोजून चौदा होती, आणि त्यातलं एक फिस्कचं.

फिस्क ताट घेऊन आधी कबरींतूनच फिरून आला. "त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, शहाण्णव," दगडांवरची वयं त्याने मोठ्याने वाचली. "पाणी चांगलं असणार."

"पाण्याचा काय संबंध," विल्डा म्हणाली. "आमच्या आत्या त्या. नवऱ्याच्या आधी जायचं नाही, असा हट्ट होता."

"आणि नवरे?"

"ते हट्टी नव्हते."

हॉबर्टकाका कोंबडीची तंगडी हातात धरून इतका हसला की त्याची कवळी हलली. डॉइल मात्र हसला नाही. तो नवा सदरा घालून, केस चापून बसवून, लेकीच्या शेजारी बसला होता. लेक टॅन्सी शहरात घरं विकायची. फिस्कला तिनेच आणलेलं. टॅन्सीच्या पलीकडे डॉइलची बायको नॅडीन. तिच्या ताटात नुसतं बटाट्याचं सॅलड होतं आणि तेही ती एकेक घास थांबून खात होती.

"बाबा, सांगा ना त्यांना परगण्याविषयी," टॅन्सी म्हणाली. "चांगलं चांगलं सांगा."

झालं. डॉइल स्टॅन्सिलला आपल्या परगण्याविषयी चांगलं सांगायला लावणं म्हणजे उतारावरच्या ट्रॅक्टरचा ब्रेक सोडणं.

"माणसं, साहेब!" डॉइल म्हणाला. "माणसं बघा इथली. दोन हजार नऊचा बर्फ झाला, सव्वीस दिवस वीज नव्हती. कोण मेलं? कुणी नाही. ज्याच्याकडे डुक्कर त्याने कापलं, ज्याच्याकडे सरपण त्याने आणून टाकलं. कुणाच्या घरात किती बरण्या आहेत, कुणाची कोंबडी अंडी घालते, सगळ्यांना सगळं पाठ!"

फिस्कची पेन्सिल थांबली. "सगळ्यांना?"

"म्हणजे काय! ताईच्या झऱ्याचं पाणी न्यायला परगण्यातली निम्मी माणसं येतात. विचारायचीसुद्धा पद्धत नाही."

"म्हणजे संकट आलं," फिस्क हळूच म्हणाला, "तर हे सगळे इथेच येतील."

"धावत येतील!" डॉइलने छाती फुगवली.

टॅन्सीने टेबलाखालून बापाच्या नडगीवर लाथ हाणली. विल्डाला ती ऐकू आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला आपला भाऊ आवडला. मूर्ख आहे, पण आमचा आहे. सकाळभर दोष सांगून जे तिला जमलं नाही ते हा गुण गाऊन करत होता.

"डॉइल," ती गोड आवाजात म्हणाली, "त्यांना वादळघराचं सांग ना."

"हां, वादळघर!" डॉइल सुरू झाला, आणि त्याच क्षणी गावातला वादळाचा भोंगा वाजला.

सगळ्यांनी नैऋत्येकडे बघितलं. आभाळ शेवाळासारखं हिरवं झालं होतं. कुणी ओरडलं नाही. बायकांनी ताटं उचलली, पुरुषांनी काकाला खुर्चीसकट उचललं, आणि चौदा माणसं विल्डाच्या घरामागच्या टेकाडाकडे निघाली. तिथे जमिनीत उतरणाऱ्या अकरा पायऱ्या, तळाशी फळीचं दार, आत दगडी तळघर; हेच ते वादळघर. काकाला उचलताना फिस्कने न सांगता एक पाय धरला, हे विल्डाने नाइलाजाने मनात नोंदवलं.

आत दोन बाकं आणि भिंतभर बरण्या: पीच, घेवडा, टोमॅटो, भेंडीचं लोणचं. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. आतून एक जाड दोर बांधलेला. दार उडू नये म्हणून वारा असेतो कुणीतरी तो धरून बसायचं. फिस्क दांडगा होता, त्याला दोर दिला.

वारा पोचायच्या आत दार तीनदा उघडलं. पहिल्यांदा गॅसच्या टाक्या पोचवणारा ट्रकवाला. मग दोन अनोळखी बाया, पलीकडच्या चर्चच्या कबरींवर फुलं ठेवायला आलेल्या. मग एक माणूस, तीन शिकारी कुत्र्यांसकट.

"हे कोण?" फिस्कने विचारलं.

"काय माहीत," विल्डा म्हणाली. "बसा हो. कुत्री बाकाखाली."

ट्रकवाल्याने फळीवरची पीचची बरणी घेतली, झाकण पिळलं आणि बोटांनी खायला लागला.

"तो तुमचा साठा खातोय!"

"तोंड सुकतं भीतीने. एका माणसाला एक बरणी. हंगामात भरून परत आणून देतात."

"आणि नाही आणली तर?"

विल्डाला प्रश्न कळलाच नाही. "का नाही आणणार? बरणी आमची आहे."

मग वारा आला. मालगाडी डोक्यावरून जावी तसा आवाज; फळीचं दार थरथरायला लागलं. फिस्कने दोर दोन्ही हातांनी आवळला. आणि त्या आवाजातही ऐकू आलं, कुणीतरी दार बडवत होतं.

फिस्क हलला नाही. "आत अठरा माणसं आहेत," तो म्हणाला. "तीन कुत्री. आता उघडलं तर दार हातचं जाईल. हे एकदा मोजूनच ठरवायला हवं—"

"सोड," डॉइल म्हणाला.

"मी हवेचा हिशेब सांगतो—"

"अरे सोड म्हणतो ना, भडव्या!" पासष्ट वर्षांच्या डॉइलने फिस्कला खांद्याने असा धक्का दिला की तो दोरासकट भेंडीच्या लोणच्यात गेला. दार उघडलं, पाऊस आत कोसळला, आणि पावसाबरोबर दोन माणसं. ट्रकवाला आणि कुत्रेवाला दोघांनी मिळून दोर पुन्हा ओढला.

आलेली दोघं खालच्या वळणावरची केम्पर नवराबायको. चार वर्षांपूर्वी येऊन राहिलेले जगबुडे. चार वर्षांत त्यांनी कुणाच्या हाकेला ओ दिली नव्हती. त्यांच्या अंगणाखाली पोलादी खोली आहे आणि तिच्यात चार वर्षांचं धान्य आहे, हे सगळ्या परगण्याला माहीत होतं. त्यांना वाटायचं कुणालाच माहीत नाही.

"तुमच्या खोलीचं काय झालं?" काकाने प्रेमाने विचारलं.

केम्पर भिंतीकडे बघत राहिला. बायको मात्र निथळत उभी राहून कडाडली, "कुलपाचा आकडा! दर रविवारी बदलतो हा! शेजाऱ्यांना कळू नये म्हणून! आज सकाळीच बदलला, आणि आता यालाच आठवेना!"

"सहा आकडी आहे," केम्पर पुटपुटला.

"ये, बस बाई," विल्डा म्हणाली. "पीच की टोमॅटो?"

तळघरभर हसू फुटलं. कुत्रीसुद्धा भुंकली. पण त्या हसण्यात नॅडीनचं हसू खोकल्यात अडकलं आणि खोकला थांबेना. विल्डा तिच्या शेजारीच होती. तळघराच्या ओलीत तिला वहिनीचा श्वास इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकू आला: आत जाताना शिट्टी, बाहेर येताना घरघर, आणि मधे एक थांबा, इतका लांब की विल्डाने स्वतःचाही श्वास धरला. डॉइल गुडघ्यांवर बसून बायकोची पाठ चोळत होता. रोजच्या सवयीचा हात.

डॉइलने मार्चमध्येच सांगितलं होतं, टेकडी विकून नॅडीनला शहरात, दवाखान्याजवळ न्यायचंय. तीन महिने विल्डा म्हणत होती, दवाखान्याचं निमित्त आहे, भावाला आळस चढलाय. सकाळी सत्तर मैलांचा दवाखाना तिने स्वतःच दोष म्हणून सांगितला होता. फिस्कला ऐकवताना बोलली, पण तिने स्वतः ऐकलं नव्हतं.

वीस मिनिटांत वादळ सरलं. वर आल्यावर दिसलं, कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर गेलं, टेबलावरची चादर सीडरच्या शेंड्यावर. घर उभं. कबरी जिथल्या तिथे. हॉबर्टकाकाला खुर्चीसकट उन्हात ठेवलं, आणि फिस्कने ओल्या कागदांवर बेरीज केली.

"नऊ कलमांचे सदुसष्ट. दहावं कलम, शेजाऱ्यांपासून सुरक्षितता. दोन."

"एकोणसत्तर!" टॅन्सी कळवळली. "एका गुणाने?"

"दोन?" डॉइल म्हणाला. त्याला बेरजेचं काही पडलेलं नव्हतं. "आमच्या शेजाऱ्यांना दोन? जास्त कुणाला दिलेत?"

"पश्चिमेला एक परगणा आहे. आठ दिले. तिथे मी अकरा दारं वाजवली, एकही उघडलं नाही."

"मग आम्हाला दोन कशाला, शून्य द्या! अख्खं शून्य द्या! दोन कशाबद्दल?"

"बाबा, गप्प बसा!" टॅन्सीने दोन्ही हात जोडले. "फिस्कसाहेब, काही करता येईल का?"

फिस्कने दाढी खाजवली. तो वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसांत राहून त्याला भीती हेच शहाणपण वाटत होतं. "वाढवता येतील. घेणाऱ्यांनी रस्त्याला फाटक बसवायचं आणि त्या तळघराला कुलूप. तेवढं तुम्ही अटीत लिहून दिलंत तर पाच देतो. बाहत्तर होतात."

टॅन्सीने कागद आणि पेन काकापुढे धरलं. काकाने पेन घेतलं, टोपण काढलं, आणि पेन डॉइलकडे दिलं.

"आधी तू लिही कुलपाचं," काका म्हणाला. "दोर तू सोडायला लावलास. तू लिहिलंस तर मी डोळे मिटून सही करतो."

डॉइल पेन धरून उभा राहिला. विल्डाने त्याचा चेहरा पाहिला. तो लिहिणार नव्हता. हे तिला ठाऊक होतं. तिने फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं, की टेकडी तिची, घर तिचं. आणि नॅडीनचा पुढचा हिवाळा पुराखालच्या पुलाच्या अलीकडे. डॉइलची नजर बायकोकडे गेली, कागदावर आली, परत बायकोकडे गेली.

"नको लिहू," विल्डा म्हणाली. "टॅन्सी, तुझ्याकडे मागची खोली रिकामी आहे ना?"

"आहे, आत्या. दोन वर्षं सांगतेय मी यांना."

"मग थंडी पडायच्या आत दोघं तिकडे जा. गुरं मी बघते."

"लेकीच्या घरी?" डॉइलचे कान लाल झाले. "रिकाम्या हाताने? टेकडी विकून चार पैसे घेऊन गेलो असतो तर गोष्ट वेगळी. तुकडे मोडायला जाऊ तिच्याकडे?"

"मी जाते," नॅडीन म्हणाली.

सगळे वळले. नॅडीन मोडक्या बाकावर बसली होती, रुमाल तोंडाशी.

"तू नको येऊस," ती नवऱ्याला म्हणाली, प्रत्येक वाक्याआधी श्वास घेत. "तू इथेच अभिमान उकडून खा. मला तीन महिन्यांत... कुणी विचारलं का, तुला काय हवं? तुझी बहीण म्हणते टेकडी. तू म्हणतोस टेकडी. हा बाबा तर गोचिडी मोजतो. मला खोकला आहे. जीभ अजून शाबूत आहे. मला टॅन्सीची मागची खोली हवी."

हॉबर्टकाकाने टाळी वाजवली. "बेचाळीस वर्षांत हे सगळ्यात लांब भाषण, पोरी."

डॉइलने पेन फिस्कच्या खिशात खोचलं. फिस्कने एकोणसत्तरभोवती गोल काढला, विल्डाने चौकशी न करता त्याच्या हातात कोंबडीची पुडी दिली, कारण तो रविवार होता, आणि तो गेला. त्याच्या मागोमाग ट्रकवाला, बाया, कुत्री. केम्पर दोघं पायऱ्यांवर बसून आकडा आठवत राहिली.

डॉइल कुंपणापाशी जाऊन उभा होता. गाई वादळात ओढ्यापलीकडे गेल्या होत्या, आता एकेक करून चिखलातून परत येत होत्या. विल्डा जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. जिंकल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं.

"एकतीस आहेत," डॉइल म्हणाला. "नावं लिहून घे. नावाशिवाय येत नाहीत."

"लिहायला कशाला. सांग."

डॉइलने गाईंना शाळेतल्या बाईंची नावं दिली होती. जिने जास्त मारलं तिचं नाव जास्त दूध देणारीला. "ती पांढऱ्या कपाळाची, मिस ऑरलीन. लाथ मारते. तिच्यामागे मिस डेल्फिया. मग मिस पर्ल, मिस हॅझेल. ती लंगडणारी मिस ट्रूडी. काळी, मिस लुएला..." सातवी गाय कुंपणापर्यंत आली, पण डॉइलने तिचं नाव घेतलं नाही. त्याने तारेवर हात ठेवला आणि खाली बघत राहिला.

"मिस ऑगस्टा," विल्डा म्हणाली.

डॉइलने मान हलवली.

"तिच्यामागे मिस इमोजीन. वासरू आहे ती मिस फर्न. ती शिंगमोडकी मिस बर्निस, तिने मलाही मारलंय." ती बोट दाखवत सांगत गेली, आणि एकतिसावी गाय कुंपणाच्या आत येईपर्यंत तिचं एकही नाव चुकलं नाही.